पहिला सिंथ प्लगिन बनवताना: आधी व्हेलॉसिटी आणि प्रीसेटचं ठरवा, नॉब नंतर काढा

सिंथ प्लगिन बनवायला बसलेला नवा माणूस पहिल्या दिवशी काय करतो तर स्क्रीनवर नॉब काढतो, मस्त काळं बॅकग्राउंड, वर नाव, बाजूला चमकणारा लाइट, आणि आवाजाचा अजून पत्ता नाही. चालतं तसंही, पण मग प्रीसेट सेव्ह करायची वेळ येते तेव्हा कळतं की अर्ध्या पॅरामीटरच्या रेंज चुकल्यात, आयडी कसेतरी ठेवलेत, आणि कीबोर्डची पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तोच, फक्त लहानमोठा होतोय. म्हणून आपण उलटं जाऊ. वाजवणाऱ्याचं बोट (व्हेलॉसिटी, म्हणजे पट्टी किती जोराने दाबली) आणि सेव्ह होणारी फाइल (प्रीसेट, म्हणजे जुळवून साठवलेला आवाज) या दोन गोष्टी आधी पक्क्या करायच्या, बाकी सगळं त्यांच्यावर चढवायचं.

तुम्हाला थोडंफार सी प्लस प्लस येतं आणि रीपर, एबलटन, एफएल, लॉजिक यातलं काहीतरी वापरलंय असं मी धरून चालतोय. प्लगिन ज्यात उघडतो त्या अशा प्रोग्रॅमला पुढे होस्ट म्हणतो. गणित बारावीपर्यंतचं पुरतं.

सामान काय लागतं

ज्यूस (JUCE) नावाचं फ्रेमवर्क घ्या. दुसरे पर्याय आहेत, आयप्लग२ आहे, फाउस्ट आहे, पण नव्या माणसाला अडल्यावर उत्तरं सगळ्यात जास्त ज्यूसचीच सापडतात, तेवढं एक कारण पुरे. मॅकवर एक्सकोड, विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओची फुकट कम्युनिटी आवृत्ती, आणि सीमेक. लायसन्सचं आत्ताच वाचून ठेवा, ज्यूस एकतर एजीपीएल खाली मिळतं म्हणजे तुमचा सोर्स कोडही उघडा ठेवावा लागतो, नाहीतर त्यांचं कमर्शियल लायसन्स असतं ज्यात कमी कमाईवाल्यांसाठी फुकटचा टप्पा आहे.

फॉरमॅट व्हीएसटी३ ठेवा, मॅक असेल तर सोबत एयू (ऑडिओ युनिट), कारण लॉजिकला एयूच लागतं. जुने ट्युटोरियल बघताना एक लक्षात ठेवा, स्टाइनबर्गने ऑक्टोबर २०१८ मध्ये व्हीएसटी२ ची किट देणं बंद केलं, त्यामुळे जिथे व्हीएसटी२ ची फोल्डर डाउनलोड करा असं लिहिलंय तो भाग सरळ सोडून द्या. क्लॅप नावाचा फॉरमॅट २०२२ मध्ये आलाय, चांगला आहे, पण पहिल्या प्लगिनला नको.

प्रोजेक्ट बनवताना दोन टिका विसरू नका: हा प्लगिन सिंथ आहे, आणि याला मिडी (कीबोर्डवरून येणारे नोटांचे संदेश) इनपुट हवं. या नाही लावल्या तर होस्ट तुमचं बाळ इफेक्टच्या यादीत टाकतो आणि नोट त्याच्यापर्यंत पोचतच नाही, मग माणूस ऑसिलेटरमध्ये, म्हणजे सूर तयार करणाऱ्या भागात, चूक शोधत बसतो. तिथेच चार अक्षरी मॅन्युफॅक्चरर कोड मागतात, त्यातलं पहिलं अक्षर कॅपिटल आणि बाकी तीन स्मॉल असं ठेवा, एयूला निदान एक कॅपिटल लागतंच. आणि हा कोड एकदा लोकांकडे गेला की परत हात लावायचा नाही.

पायरी १: पॅरामीटरची यादी कागदावर

वीसेक पॅरामीटर पुरे. दोन ऑसिलेटर, त्यांचे वेव्ह, दुसऱ्याचं डिट्यून (सूर किंचित हलवणं), दोघांचं मिक्स, फिल्टरचा कटऑफ (ज्याच्या वरचा भाग कापला जातो ती फ्रिक्वेन्सी) आणि रेझोनन्स (तिथला उठाव), फिल्टरचं एन्व्हलप आणि आवाजाचं एन्व्हलप यांचे चार-चार (अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज, म्हणजे सूर उगवण्यापासून विरेपर्यंतचे टप्पे), फिल्टर एन्व्हलपची मात्रा, ग्लाइड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), मास्टर लेव्हल. आणि तीन व्हेलॉसिटीचे, ते खाली येतातच. हे तीन पहिल्या दिवसापासून यादीत पाहिजेत. नंतर घुसवले की आधी केलेले सगळे प्रीसेट व्हेलॉसिटीचा विचार न करता बनलेले असतात आणि ते परत वाजवून परत जुळवायचं काम कोणी करत नाही.

प्रत्येक पॅरामीटरला दोन ओळखी असतात. एक आयडी, जो मशीनसाठी, आणि एक नाव, जे स्क्रीनवर दिसतं. नाव हवं तेव्हा बदला, उद्या मराठीत करा. आयडी मात्र एकदा ठेवला की ठेवला. होस्ट ऑटोमेशन त्या आयडीवर लावतो, प्रीसेट फाइल त्याच आयडीने वाचली जाते.

रेंजचंही तसंच, आणि यात एक खाच आहे जी लोकांना उशिरा कळते. होस्टकडे ऑटोमेशन ० ते १ अशा आकड्यात साठवलेलं असतं, हर्ट्झमध्ये नाही. ज्यूसचा पॅरामीटर ट्री मात्र खरा आकडा सेव्ह करतो. म्हणजे तुम्ही कटऑफची रेंज २० ते २०,००० वरून २० ते १२,००० केली तर प्रीसेट बहुतेक नीट उघडतील पण कोणीतरी गाण्यात काढलेली ऑटोमेशनची रेघ वेगळ्याच ठिकाणी वाजेल. अर्धंच मोडलेलं असल्यामुळे ते पकडायलाही वेळ लागतो.

वेव्ह निवडायची यादी असेल, साइन, सॉ, स्क्वेअर अशी, तर पुढे ट्रँगल आला की तो शेवटी टाकायचा. मध्ये घुसवला की जुन्या प्रीसेटमधला सॉ आपोआप ट्रँगल होतो.

कटऑफचा नॉब सरळ रेषेत ठेवू नका. २० ते २०,००० मध्ये सरळ ठेवलं तर नॉबच्या मध्यावर १०,००० हर्ट्झ येतं आणि जिथे खरी मजा आहे तो सगळा भाग पहिल्या इंचभरात कोंबला जातो. ज्यूसमध्ये रेंजला स्क्यू देता येतो, मध्यावर ८०० किंवा १,००० हर्ट्झ ठेवा. अटॅक-डिके यांनाही तसाच स्क्यू, कारण ५ आणि १० मिलिसेकंदातला फरक कानाला कळतो, ४,००० आणि ४,००५ मधला नाही.

पायरी २: एक व्हॉइस नीट वाजू द्या

ज्यूसमध्ये सिंथेसायझर नावाचा क्लास आहे जो मिडी घेतो, व्हॉइस (एका वेळी एक नोट वाजवणारा भाग) वाटतो, सस्टेन पेडल सांभाळतो. तुम्ही फक्त एक व्हॉइस लिहायचा: नोट सुरू, नोट बंद, आणि मधला आवाज भरायचा. नोटचा आकडा फ्रिक्वेन्सीत आणायचं सूत्र सगळीकडे एकच, ४४० गुणिले २ चा ((नोट वजा ६९) भागिले १२) वा घात. मिडल सी म्हणजे ६०, तो २६१.६ हर्ट्झ येतो, तेवढं तपासून पुढे चला.

सॉ वेव्ह म्हणजे ० ते १ जाणारी फेज (लाटेतली आपली जागा) घेऊन तीच वर-खाली करून आउटपुटला टाकली की झालं असं वाटतं, खालच्या पट्ट्यांना चालतंही. वरच्या सप्तकात जा आणि ऐका. ४४,१०० सॅम्पल रेटला ३,००० हर्ट्झची सॉ घेतली तर तिचा ८ वा हार्मोनिक (मूळ सुराच्या ८ पट फ्रिक्वेन्सी) २४,००० ला जायला पाहिजे, पण मर्यादा सॅम्पल रेटच्या निम्मी, २२,०५० ची, म्हणून तो दुमडून २०,१०० वर येतो. १५ वा ४५,००० चा असतो, तो दुमडून थेट ९०० हर्ट्झवर, म्हणजे मूळ सुराच्याही खाली येऊन बसतो आणि सुराशी त्याचं काही नातं नाही. पिच बेंड केला की यातले काही भुताटकीचे सूर उलट्या दिशेला सरकतात, ते एकदा ऐकलं की विसरत नाही. उपाय पॉलिब्लेप, उडीच्या आजूबाजूच्या एकदोन सॅम्पलना थोडं गोल करतो, कोड दहापंधरा ओळींचा. पूर्ण जात नाही पण पहिल्या सिंथला भरपूर झालं.

फिल्टरला ज्यूसमधलाच स्टेट व्हेरिएबल टीपीटी वापरा, कटऑफ पटापट हलवला तरी तो फुटत नाही. एन्व्हलप पण तयार मिळतं. अटॅकची खालची मर्यादा शून्य नको, १ किंवा २ मिलिसेकंद ठेवा, नाहीतर प्रत्येक नोटला टिक वाजते.

आणि नोट संपल्यावर, म्हणजे रिलीज पूर्ण झाल्यावर, व्हॉइसने आपण मोकळे झालो हे सांगायचं असतं, त्याचं एक फंक्शन आहे, क्लिअर करंट नोट. नवखे लोक हे हमखास विसरतात, मग आठ नोटा वाजवल्या की आठही व्हॉइस अडकलेले आणि नववीपासून जुने आवाज तोडले जायला लागतात.

ऑडिओ थ्रेडचे, म्हणजे आवाज भरून देणाऱ्या थ्रेडचे, नियम थोडक्यात: मेमरी मागायची नाही, फाइल उघडायची नाही, लॉकवर थांबायचं नाही. ४८,००० ला २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे तुमच्याकडे साधारण ५.३ मिलिसेकंद, तेवढ्यात सगळे व्हॉइस भरून द्यायचे. हार्डडिस्कने तेवढ्यात उत्तर दिलं नाही की तडतड.

पायरी ३: व्हेलॉसिटी, म्हणजे बोटाचा जोर

मिडी १९८३ चा, त्यात व्हेलॉसिटी ७ बिटची. १ ते १२७. शून्य का नाही तर शून्य व्हेलॉसिटीची नोट ऑन म्हणजे नोट ऑफ असं ठरलेलंय, ज्यूस ते आपोआप समजतो पण स्वतः मिडी वाचत असाल तर लक्षात ठेवा. ज्या कीबोर्डला टच नाही ते सगळ्या नोटा ६४ ने पाठवतात असं स्पेसिफिकेशन म्हणतं, प्रत्यक्षात काही कीबोर्ड १०० किंवा १२७ पण पाठवतात. ज्यूसमध्ये व्हॉइसला हा आकडा ० ते १ मध्ये मिळतो.

आता पहिला प्रश्न, जोराचा आवाजाशी संबंध कसा लावायचा. सगळे सरळ गुणाकार करतात. ६४ ला ०.५०४, म्हणजे फक्त ६ डेसिबल कमी, आणि १ ला ४२ डेसिबल कमी. म्हणजे वरच्या अर्ध्या भागात बोटाने कितीही फरक केला तरी ऐकू येणारा फरक ६ डेसिबलचाच, आणि अगदी खाली मात्र आवाज एकदम पळून जातो. वाजवणाऱ्याला हे नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, तो फक्त म्हणतो टच मजा नाही येत. वर्ग केला, म्हणजे स्वतःनेच गुणलं, तर ६४ ला १२ डेसिबल कमी होतं, वरचा भाग सुधारतो पण तळाला ८४ डेसिबल, म्हणजे हळू दाबलेली नोट गायबच.

मला तरी हे डेसिबलमध्येच मांडलेलं सगळ्यात सोपं पडतं. एक पॅरामीटर ठेवा, व्हेलॉसिटी रेंज, ० ते ४० डेसिबल. कमी करायचे डेसिबल म्हणजे रेंज गुणिले (१ वजा व्हेलॉसिटी). रेंज ० म्हणजे टच बंद. १८ म्हणजे अगदी हळूला १८ खाली, मध्यात ९ खाली. सरळ, आणि प्रीसेट बनवणाऱ्याला आकडा बघून काय होणार ते कळतं.

पण एवढ्यावर थांबलात तर तो फक्त आवाजाचा नॉब झाला जो बोटाने फिरतो. खऱ्या वाद्यात जोराने रंग बदलतो. पियानोची तार जोरात मारली की वरचे हार्मोनिक जास्त येतात, नुसती मोठी नाही होत. १९८३ च्या यामाहा डीएक्स७ चा इलेक्ट्रिक पियानो एवढा का चालला याचं मोठं कारण हेच आहे, त्यात व्हेलॉसिटी मॉड्युलेटरच्या लेव्हलवर जायची, म्हणून हळू वाजवलं की गोल आणि जोरात वाजवलं की ती टिणण् करणारी धार यायची. आपल्या सिंथमध्ये एफएम (डीएक्स७ ची एका लाटेने दुसरी हलवायची पद्धत) नाही, पण फिल्टर आहे. म्हणून दुसरा पॅरामीटर, व्हेलॉसिटी ते कटऑफ, आणि तो ऑक्टेव्हमध्ये ठेवायचा, हर्ट्झमध्ये नाही. हर्ट्झमध्ये ठेवला तर २०० च्या कटऑफला ३,००० मिळवल्यावर सगळं उघडतं आणि ८,००० ला मिळवल्यावर काही कळतच नाही.

एक प्लक (तार छेडल्यासारखा आवाज) घ्या. दोन सॉ, दुसरी ७ सेंट (सेमीटोनचा शंभरावा भाग म्हणजे १ सेंट) हललेली, कटऑफ ८०० हर्ट्झ, व्हेलॉसिटी ते कटऑफ ३ ऑक्टेव्ह, व्हेलॉसिटी रेंज १८ डेसिबल. ३० ने दाबलं तर कटऑफ साधारण १,३०० वर जातो आणि आवाज जवळजवळ १४ डेसिबल खाली, म्हणजे मऊ, लांबून आल्यासारखा. ६४ ला कटऑफ २,२८० च्या आसपास, ९ खाली. १२० ला ५,७०० आणि फक्त १ डेसिबल खाली, सगळे दात बाहेर. तीच पट्टी, तोच प्रीसेट, आणि तीन वेगळे आवाज. हे तीन आकडे डीबग विंडोत छापून बघा, जुळले तर तुमचं गणित बरोबर आहे.

तिसरा पॅरामीटर, व्हेलॉसिटी ते अटॅक. पॅडला आणि स्ट्रिंगला हा सोन्यासारखा. हळू दाबलं तर ६० मिलिसेकंदाने आवाज वर यावा, जोरात दाबलं तर ५ ने. पट्टी हळू दाबणारा माणूस बहुतेक वेळा सूर हळू उगवावा म्हणूनच हळू दाबतो.

व्हेलॉसिटी नोट सुरू होताना एकदाच घेऊन त्या व्हॉइसमध्ये ठेवून द्यायची. सगळ्या सिंथला मिळून एकच व्हेरिएबल ठेवला तर नवी नोट जोरात दाबल्यावर आधीच वाजत असलेला कॉर्ड पण उजळतो, ऐकायला भन्नाट वाटतं पण ते बग आहे. आणि व्हॉइस चोरावा लागला, म्हणजे सगळे वाजत असताना नव्या नोटसाठी जुना घ्यावा लागला, तर चालू आवाज ३-५ मिलिसेकंदात खाली आणून मग नवा सुरू करा.

आता कर्व्ह. प्रत्येक कीबोर्डचा टच वेगळा असतो, छोट्या मिनी कीबोर्डवर कितीही हाणलं तरी काहींचा आकडा १०० च्या वर जाता जात नाही. त्यासाठी व्हेलॉसिटीला एक घात द्यायचा, १ पेक्षा कमी ठेवला की आकडे वर उचलले जातात. ०.६ ठेवलं तर १०० चे ११० होतात, १२७ मात्र १२७ च राहतात. सेटिंगमध्ये हलका, नॉर्मल, जड असे तीन पर्याय आणि सोबत शेवटची आलेली व्हेलॉसिटी दाखवणारा छोटा आकडा ठेवा, हा आकडा लोकांना फार आवडतो. स्क्रीनला तो ऑडिओ थ्रेडकडून अॅटॉमिक व्हेरिएबलमधून द्या.

हा कर्व्ह कुठे सेव्ह करायचा, इथे नीट थांबा

बरेच जण कर्व्ह पण प्रीसेटमध्येच टाकतात. मग काय होतं, तुम्ही तुमच्या जड कीबोर्डवर बनवलेला प्रीसेट दुसऱ्याच्या हलक्या कीबोर्डवर उघडला की त्याचा टच बिघडतो, आणि प्रीसेट बदलेल तसा बदलत राहतो, दर वेळी सेटिंग परत. म्हणून वाटणी अशी: आवाज जोराला किती आणि कसा दाद देतो, हे वरचे तीन पॅरामीटर, ते प्रीसेटचे. वाजवणाऱ्याचं बोट आणि कीबोर्ड यांचा हिशोब म्हणजे कर्व्ह, तो प्रीसेटचा नाही.

मग तो फक्त कॉम्प्युटरवरच्या सेटिंग फाइलमध्ये ठेवायचा का? तेही पूर्ण बरोबर नाही. समजा तुम्ही नाशिकला घरी गाणं रेकॉर्ड केलं, नोटा मूळ व्हेलॉसिटीने होस्टमध्ये बसल्या, कर्व्ह प्लगिनच्या आत लागतोय, आणि प्रोजेक्ट पुण्याच्या स्टुडिओत उघडला जिथे सेटिंग वेगळी आहे. गाणं वेगळं वाजणार. म्हणून तीन थर करा. नवीन प्लगिन टाकला की सेटिंग फाइलमधला कर्व्ह घ्या. प्रोजेक्ट सेव्ह होताना होस्ट जी स्टेट मागतो त्यात कर्व्ह द्या. आणि प्रीसेट फाइलमध्ये तो लिहूच नका, प्रीसेट बदलला तरी कर्व्ह जागचा हलत नाही. एवढं केलं की तुमचा प्लगिन बऱ्याच विकतच्या प्लगिनपेक्षा शहाण्यासारखा वागतो.

पायरी ४: प्रीसेट सेव्ह आणि लोड

प्रीसेट हा प्रकार १९७८ च्या प्रॉफेट-५ ने लोकांच्या डोक्यात बसवला, त्याच्यात ४० आवाज मेमरीत राहायचे, त्याआधी बरेच जण नॉबच्या जागा कागदावर लिहून ठेवायचे. आज आपल्याला एक्सएमएल फाइल लिहायचीय एवढंच.

ज्यूसचा पॅरामीटर ट्री एका ओळीत एक्सएमएल होतो. त्यात तुम्ही वरून चार गोष्टी घाला: प्रीसेटचं नाव, कॅटेगरी, बनवणारा, आणि फाइलच्या फॉरमॅटचा नंबर. शेवटचा आज बिनकामाचा वाटतो, १ लिहून सोडून द्या, पुढे कधी तरी फिल्टरच बदलाल तेव्हा जुन्या फाइल ओळखून त्यांचे आकडे बदलायला तोच लागणार आहे.

लोड करताना क्रम असा ठेवा की आधी सगळे पॅरामीटर डिफॉल्टला न्यायचे आणि मग फाइलमध्ये जे आहे ते भरायचं. थेट भरलं तर, समजा पुढच्या आवृत्तीत तुम्ही कोरस घातला, जुन्या प्रीसेट फाइलमध्ये कोरसचं नाव नाही, मग आधीच्या प्रीसेटचा कोरस चिकटून राहू शकतो आणि तोच प्रीसेट दोन वेळा दोन वेगळे आवाज देतो. फाइलमध्ये अनोळखी आयडी दिसला तर गप्प बसायचं, आकडा रेंजच्या बाहेर असेल तर रेंजमध्ये आणायचा. कोणाची फाइल अर्धवट कॉपी झालेली असू शकते, त्याने अख्खं होस्ट बंद पडायला नको.

फाइल वाचायचं काम ऑडिओ थ्रेडवर नाही. आणि नोट वाजत असताना प्रीसेट बदलला तर काय, हे ठरवून टाका. सोपा मार्ग म्हणजे १०-२० मिलिसेकंदात सगळं म्यूट, आकडे बदला, परत उघडा. स्टेजवर वाजवणाऱ्यांना शेवटचा सूर विरत असताना पुढचा प्रीसेट हवा असतो, पण ते करायला जुन्या व्हॉइसना जुने आकडे सोबत द्यावे लागतात, आत्ता नको.

फॅक्टरी प्रीसेट बायनरीच्या आतच भरा, वेगळ्या फोल्डरमध्ये दिले की कोणीतरी ते डिलीट करतंच. लोकांनी बनवलेले मात्र बाहेर, मॅकवर लायब्ररीमधल्या ऑडिओ आणि त्यातल्या प्रीसेट्स फोल्डरमध्ये, विंडोजवर डॉक्युमेंट्समध्ये किंवा अॅपडेटात तुमच्या नावाचं फोल्डर करून. आणि होस्ट तुमच्या प्लगिनला आतले प्रोग्रॅम (म्हणजे प्रीसेट) किती आहेत असं विचारतो तिथे शून्य परत करू नका, निदान १ द्या, शून्यावर काही होस्ट अडखळतात.

नाव मराठीत ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा, ज्यूस ८ पासून देवनागरी जोडाक्षरांचं दाखवणं सुधारलंय. फक्त फाइलचं नाव आणि आत लिहिलेलं नाव वेगळं ठेवा, फाइलला साधं नाव, स्क्रीनवर आतलं.

पायरी ५: प्रीसेट बनवायला बसा

पहिला प्रीसेट इनिट. एक सॉ, फिल्टर उघडा, एन्व्हलप सरळ, इफेक्ट नाही. कंटाळवाणा असला पाहिजे, सगळे तिथून सुरू करतात. त्यातही व्हेलॉसिटी रेंज १२ डेसिबलच्या आसपास चालू ठेवा म्हणजे नवीन आवाज बनवणाऱ्याला टच आयता मिळतो.

मग वीस-तीस पुरेत, बास, लीड, पॅड, की, प्लक अशा कॅटेगरीत. चारशे प्रीसेटची जाहिरात छान दिसते पण माणूस पहिले दहा ऐकून मत बनवतो. प्रत्येक प्रीसेट ३०, ६४, १०० आणि १२७ या चार व्हेलॉसिटीने ऐका. एक मिडी क्लिप करून ठेवा ज्यात तीच चार नोटांची ओळ चार वेळा येते, मग एक खालचा सूर, मग एक चार नोटांचा कॉर्ड. ३० ला आवाज गायब होत असेल तर रेंज कमी करा, १२७ ला कान फाटत असेल तर कटऑफची मात्रा कमी करा. माऊसने टेस्ट करत असाल तर ज्यूसच्या ऑनस्क्रीन कीबोर्डवर पट्टीच्या खालच्या बाजूला क्लिक केलं की व्हेलॉसिटी जास्त जाते आणि वर क्लिक केलं की कमी, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि मग दर वेळी वेगळा आवाज का येतोय म्हणून डोकं खाजवतात.

लेव्हल जुळवा. १०० व्हेलॉसिटीला तीच क्लिप वाजवून लाउडनेस मीटरवर सगळे प्रीसेट एकाच आकड्याजवळ आणा, मी उणे १८ लफ्स (LUFS, लाउडनेसचं माप) धरतो, तुम्ही दुसरा धरा, पण एकच धरा. कॉर्ड पूर्ण जोरात दाबल्यावर पीक उणे ३ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. मोठ्याने वाजणारा प्रीसेट नेहमी चांगला वाटतो, त्यात आपणच फसतो.

सगळ्या प्रीसेटना टच द्यायचाच असं नाही. ऑर्गनच्या पट्टीला जोराशी देणंघेणं नसतं. आपल्या पेटीचंही तेच, जोरात पट्टी दाबली म्हणून पेटी मोठी वाजत नाही, आवाज भात्यावर असतो. तेव्हा पेटीसारखा प्रीसेट करताना व्हेलॉसिटीचे तिन्ही पॅरामीटर शून्यावर आणि भात्याचं काम एक्स्प्रेशनला, म्हणजे कंट्रोलर ११ ला द्या, नाहीतर मॉड व्हीलला, कारण छोट्या कीबोर्डला एक्स्प्रेशन पेडल कोण लावतो. सॉ आणि स्क्वेअर असे दोन ऑसिलेटर एकमेकांपासून चारपाच सेंटने हलवा, अटॅक ३० मिलिसेकंद, आणि भाता वाढला की कटऑफही थोडा उघडू द्या. भजनाला वाजवणारा माणूस लगेच ओळखतो की हे बोटाने नाही, भात्याने चालतंय. पेटीच्या प्रीसेटवर पिच बेंड बंद ठेवा, मींड पेटीत येत नाहीच. तो बासरी-सारंगीछाप लीडला द्या, बेंडची रेंज नेहमीच्या २ सेमीटोनऐवजी ७ किंवा १२ करून.

पायरी ६: बाहेर द्यायच्या आधी

प्लगिनव्हॅल नावाचं फुकट टूल आहे, ट्रॅक्शनवाल्यांचं, ते तुमच्या प्लगिनला होस्टसारखं छळतं. लेव्हल ५ निदान पास करा, जमलं तर १०. मॅकवर एयूसाठी ऑव्हॅल (auval, एयू तपासायचं टूल) चालवा, लॉजिक पण तेच चालवून बघतं आणि नापास झालेला प्लगिन आपणहून उघडत नाही. मग हाताने करायच्या गोष्टी: एकाच प्रोजेक्टमध्ये दोन वेगळे प्रीसेट लावून दोन प्लगिन टाका, सेव्ह, बंद, परत उघडा, दोघांचे आवाज आपापल्या जागी आहेत ना. सॅम्पल रेट ४४,१०० वरून ९६,००० करा, सूर आणि एन्व्हलपचा वेळ बदलत नाही ना. बफर ३२ वर आणून सस्टेन पेडल दाबून सगळ्या पट्ट्यांवर हात फिरवा.

आणि पहिली आवृत्ती देताना तिच्यासोबत एक प्रोजेक्ट बाजूला काढून ठेवा, ज्यात चार-पाच प्रीसेट, ऑटोमेशनची एक रेघ, वेगळा कर्व्ह आणि वेगवेगळ्या व्हेलॉसिटीच्या नोटा आहेत, आणि त्याचा ऑडिओ काढून शेजारी ठेवा. दुसरी आवृत्ती तयार झाली की तोच प्रोजेक्ट तिच्यात उघडायचा, परत ऑडिओ काढायचा, एकाची फेज उलटी करून दोन्ही एकावर एक ठेवायचे. ऑसिलेटरची फेज प्रत्येक नोटला एकाच जागेवरून सुरू होत असेल तर पूर्ण शांतता यायला पाहिजे. काही ऐकू आलं तर कुठल्या बारला ऐकू आलं ते बघा, बहुतेक वेळा त्या जागेवरूनच कळतं की पॅरामीटरची रेंज हलली, वेव्हची यादी सरकली की कर्व्ह लोड व्हायचा राहिला.